विशेषण आधी की नाम आधी?

जळगावहून धरणगावकडे निघालेल्या एस.टी.ला वाटेत पाळधी लागते. पाळधी एक नाही, दोन आहेत. एक बुद्रुक आणि दुसरी खुर्द. खुर्द म्हणजे लहान आणि बुद्रुक म्हणजे ‘बुजुर्ग’, थोर. दोन्ही शब्द फारसी आणि दोन्ही विशेषणे. आता गंमत पाहा. आपण मराठीत ‘मोठा वाडा’ म्हणतो, ‘वाडा मोठा’ असे कुणाच्या घराचे नाव ठेवीत नाही. मग गावांच्या बाबतीत आधी गाव आणि मागून विशेषण हा उलटा प्रकार आला कुठून? फारसीतून. फारसीत नाम आधी आणि विशेषण नंतर. खानदेशावर फारुकी सुलतानांनी १६०१ पर्यंत आणि त्यांच्यानंतर मोगलांनी राज्य केले. दप्तर फारसी वळणाचे, म्हणून गावेही दप्तरात फारसी वळणाने बसली. लोकांनी मात्र आपले वळण सर्वस्वी सोडले नाही. रावेर तालुक्यातल्या ज्या गावाला सरकारी कागद ‘वाघोदे बुद्रुक’ म्हणतो त्याला आजूबाजूची माणसे ‘मोठे वाघोदे’ म्हणतात. गाव तेच, अर्थ तोच, फक्त विशेषण उडी मारून नामाच्या पुढे येऊन बसले.

मित्रहो, विशेषणाच्या जागेवर वार्षिकांकाची पाने खर्च करावीत काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. व्याकरण हा विषय परीक्षेपुरता, आणि तोही जमल्यास पर्यायात सोडून देण्याचा, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. या एका जागेवरून आपल्याविषयी, आपल्या बोलीविषयी आणि आपल्या भागाविषयी पुष्कळ काही गुपचूप ठरवले जाते, असे माझे मत आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे लांबून यावे लागेल. थेट स्पेनमधून.

स्पॅनिश भाषेत विशेषणाची नेहमीची जागा नामाच्या नंतर. ‘कोस्टा रिका’ हे देशाचे नाव आपल्या केळीवाल्या जिल्ह्याला अपरिचित नसावे, कारण केळीच्या निर्यातीत त्या देशाचे नाव मोठे आहे. कोस्टा म्हणजे किनारा, रिका म्हणजे समृद्ध. ‘सिएरा नेवाडा’ म्हणजे पर्वतरांग हिमाची. पण काही विशेषणे नामाच्या आधीही येतात. ‘बुएनोस आयरेस’ या शहराच्या नावात ‘चांगली’ आधी आणि ‘हवा’ नंतर. इथपर्यंत ठीक. खरी मौज पुढेच आहे. तिथे काही विशेषणांची जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘ओम्ब्रे पोब्रे’ म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही असा माणूस. ‘पोब्रे ओम्ब्रे’ म्हणजे बिचारा माणूस, मग तो लखपती का असेना. ‘अमिगो विएहो’ म्हणजे वयाने म्हातारा मित्र. ‘विएहो अमिगो’ म्हणजे जुना मित्र, तो वीस वर्षांचाही असू शकतो. ‘ओम्ब्रे ग्रांदे’ अंगाने मोठा; ‘ग्रान ओम्ब्रे’ कर्तृत्वाने मोठा. शिवाय नामाच्या पुढे येताना ‘ग्रांदे’चा ‘ग्रान’ होतो, म्हणजे आत शिरताना त्याला जरा अंग चोरावे लागते. ‘नोतिसिया सिएर्ता’ म्हणजे खरी बातमी आणि ‘सिएर्ता नोतिसिया’ म्हणजे कुठलीशी, अमुक एक बातमी. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी हा शेवटचा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

(जाता जाता केळीचीच एक गोष्ट. ज्या वाणाला आपले शेतकरी ‘जी-नाईन’ म्हणतात त्याचे मूळ फ्रेंच नाव ‘ग्रांद नेन’, म्हणजे मोठी बुटकी! फ्रेंचमध्ये ‘मोठा’ हे विशेषण बहुधा आधी येते. इंग्रजी उच्चारात त्या ‘नेन’चा ‘नैन’ झाला, नैनचा नाईन झाला, आणि बुटकीचा आकडा होऊन बसला. विशेषण मात्र ‘जी’च्या रूपाने अजून आपली पुढची जागा राखून आहे.)

स्पेनपर्यंत जायचे नसेल तर गोव्यापर्यंत जाऊ. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्या भाषेत ‘वेल्हा’ म्हणजे जुनी. गोव्याच्या तिसवाडी तालुक्यात दोन गावे आहेत. एकाचे नाव ‘वेल्हा गोवा’ आणि दुसऱ्याचे ‘गोवा वेल्हा’. पहिले मांडवीच्या काठी; ती पोर्तुगीजांची जुनी राजधानी, जिथे बॉम जेझुसचे प्रसिद्ध चर्च आहे, आणि आपण तिला ‘जुने गोवे’ म्हणतो. दुसरे जुवारीच्या बाजूला. तिथे त्याही आधी, कदंबांच्या काळी, गोपकपट्टण हे बंदर होते. दोन्ही नावांत शब्द तेच दोन. विशेषण आधी घातले तर एका नदीकाठी जाल, नंतर घातले तर दुसऱ्या. विशेषणाच्या जागेने काही बिघडत नाही असे म्हणणाऱ्याने गोव्यात एकदा पत्ता विचारून पाहावा. पुढे १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि तिला ‘नोव्हा गोवा’, नवे गोवे, म्हटले गेले. तिथेही विशेषण आधीच.

पोर्तुगीजांचा विषय निघालाच आहे तर मुंबईचेही सांगून टाकतो. ‘बॉम बाहिया’ म्हणजे चांगली खाडी, त्यावरून बॉम्बे, ही व्युत्पत्ती अजूनही ऐकवली जाते. पण पोर्तुगीजमध्ये ‘बाहिया’ स्त्रीलिंगी आहे आणि ‘बॉम’ पुल्लिंगी. तिथला माणूस ‘बोआ बाहिया’ म्हणेल. आपण ‘चांगला खाडी’ म्हणू काय? मुंबादेवीचा हक्क शाबूत ठेवायला एवढे एक व्याकरण पुरेसे आहे.

आता आपल्याकडे येऊ. शाळेत आपण शिकलो की विशेषण नामाच्या आधी आले की अधिविशेषण आणि नंतर आले की विधिविशेषण. ‘हुशार मुलगी’ आणि ‘मुलगी हुशार आहे’. एवढे सांगून गुरुजी पुढच्या धड्याकडे वळत आणि आपण सुटलो म्हणून आनंद मानत असू. या दोहोंत फरक काय, हे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही. मराठीत जागा बदलल्याने अर्थ बदलत नाही, केवळ जोर बदलतो, असे एक ठरीव उत्तर असते. मला ते मान्य नाही. ‘खरा मित्र’ म्हणजे वेळेला धावून येणारा. पण ‘मित्र खरा, पण वेळेला येईल याचा भरवसा नाही’ या वाक्यात ‘खरा’चा अर्थ काय? इथे ‘खरा’ म्हणजे ‘म्हणायला’. आधीच्या जागेवर जे विशेषण मैत्रीची ग्वाही देते तेच नंतरच्या जागेवर मैत्रीविषयी शंका घेते. स्पॅनिश ‘सिएर्ता’ याहून निराळे काय करते? आणखी घ्या. ‘एकटा सदा पास झाला’ म्हणजे बाकी सगळे नापास. ‘सदा एकटा आला’ म्हणजे सोबत कुणी नव्हते. इतरही आले असतील, आपापले. ‘शहाणा मुलगा’ हे कौतुक आहे. ‘मुलगा मोठा शहाणा!’ हे ऐकून आई पदर खोचून भांडायला येईल.

याउलट जिथे स्पॅनिश माणूस जागा बदलतो तिथे आपण जागा तीच ठेवून काम नामावर सोपवतो. ‘गरीब शेतकरी’ आणि ‘गरीब गाय’ यांतला ‘गरीब’ एक नाही. गाईपाशी पैसा असण्याचा प्रश्नच नसतो. ‘शुद्ध पाणी’ आणि ‘शुद्ध थाप’ यांतला ‘शुद्ध’ही एक नाही. स्पॅनिशमध्ये ‘आग्वा पुरा’ म्हणजे शुद्ध पाणी आणि ‘पुरा आग्वा’ म्हणजे नुसते पाणी. आपल्या गवळ्याला दोन्ही अर्थ एका शब्दात सांगता येतात.

आमच्या वर्गात यावर एका मित्राने शंका काढली होती. ‘मुलगी हुशार’ हे अपुरे वाक्य आहे, ‘आहे’ गाळलेले आहे, तेव्हा विशेषण मागे गेले असे म्हणायचे तरी कशाला? शंका व्याकरणाला धरून आहे. पण ‘आहे’ गाळण्याची सोय भाषेने कशासाठी ठेवली असेल, हे पाहायचे तर व्याकरणाचे पुस्तक बाजूला ठेवून बाजारात आणि बांधावर जावे लागते. जळगावच्या भाजीबाजारात बाई ओरडते, ‘वांगी भरताची, वांगी ताजी!’ ती ‘भरताची ताजी वांगी’ म्हणत नाही. कारण वांगी डोळ्यांना दिसतातच. विकायचा आहे तो त्यांचा गुण, आणि तो गिऱ्हाईक नाकारू शकते. ‘कुठली ताजी? कालची दिसताहेत!’ असा सवाल येतो आणि सौदा सुरू होतो. शेतकऱ्याला यंदाचे साल विचारा. तो सांगेल, ‘पाऊस उशिराचा, बी महाग, कापूस ओला, भाव उतरलेला.’ चार नामे, चार विशेषणे, सगळी नामानंतर, आणि क्रियापद एकही नाही. याचे ‘शुद्ध’ मराठी करून पाहा: ‘उशिराचा पाऊस, महाग बियाणे, ओला कापूस आणि उतरलेले भाव यांमुळे यंदाचे साल कठीण गेले.’ माहिती तीच राहिली, पण तक्रार मेली. म्हणींनाही हे कळते. ‘नाव मोठं, लक्षण खोटं’ ही म्हण ‘मोठं नाव, खोटं लक्षण’ अशी म्हणून पाहा, जिभेलाच पटत नाही. आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीत तर दोन्ही जागा वापरल्या आहेत. पाणी उथळ आहे हे गृहीत धरले, म्हणून ‘उथळ’ आधी. खळखळाट फार हे सांगायचे आहे, म्हणून ‘फार’ शेवटी.

माझ्या म्हणण्याचा कणा हाच आहे. नामाच्या आधी येणारे विशेषण बहुधा गृहीत धरलेले असते. नंतर येणारे विशेषण विधान करते. गृहीताशी वाद घालता येत नाही, विधानाशी घालता येतो. ‘खोडकर बंडूला बोलवा’ असे म्हटले की बंडू खोडकर आहे की नाही याची चौकशी संपली. आता फक्त त्याला बोलवायचे. ‘बंडू खोडकर आहे’ म्हटले तर बंडूची आई निदान ‘कोण म्हणतो?’ असे विचारू शकते.

आता हे आपल्या अंगणात आणून पाहा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी जपली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. बहिणाबाई निरक्षर होत्या, ही वस्तुस्थिती आहे आणि ती सांगण्यात गैर काही नाही. पण ‘निरक्षर कवयित्री बहिणाबाई’ हे बिरूद किती भाषणांत, किती निबंधांत आणि किती सूत्रसंचालनांत आपण ऐकले आहे! तिथे ‘निरक्षर’ ही माहिती उरत नाही, ते नावाचे पहिले अक्षर होते. ऐकणारा आधी निरक्षरपणा घेतो, मग कवित्व, आणि मग नकळत ‘निरक्षर असूनही’ असे म्हणून मान डोलावतो. जणू एवढे लिहिता येत नसताना हे सुचले कसे, हेच त्या गाण्यांतले आश्चर्य. ‘बहिणाबाई लिहायला शिकल्या नव्हत्या’ असे वाक्य करून एकदा सांगावे, जिथे त्याची गरज आहे तिथे सांगावे, आणि मग गाण्यांकडे वळावे. २०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव जोडले गेले तेव्हा नावात ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी’ एवढेच आले, हे फार बरे झाले.

बालकवींची गोष्ट निराळी आणि जरा हुरहूर लावणारी. धरणगावात १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. वय तेव्हा सोळा-सतरा. विशेषण शोभण्यासारखे होते. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले तेव्हा अठ्ठाविसाव्या वर्षात होते, तरी ‘बाल’च होते. आणखी पन्नास वर्षे जगते तरी बहुधा आपण त्यांना मोठे होऊ दिले नसते.

बोलीचेही असेच. ‘अशुद्ध बोली’, ‘गावंढळ भाषा’, ‘राकट अहिराणी’. एकही विशेषण कुणी सिद्ध केलेले नाही, सगळी आधीच येऊन बसलेली आहेत. ‘अहिराणी अशुद्ध आहे’ असे एखाद्याने छातीठोक विधान करावे, म्हणजे त्याला विचारता येईल की बाबा रे, कुणाच्या मोजमापाने? ग्रियर्सनने आपल्या भाषापाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडात घातले. पटो वा न पटो, तो एक विचार आहे. त्याला पुरावे देऊन उत्तर देता येते. ‘काळा’चे ‘काया’ करणारी, ‘आमचा’ऐवजी ‘आमना’ म्हणणारी ही बोली नियम पाळते की नाही हे बोलणाऱ्याचे दोन तास ऐकले तरी समजेल. पण ‘गावंढळ’ शब्द आधी ठेवला की दोन तास ऐकणार कोण?

मराठीत आणखी एक अडचण आहे आणि तिथे मला स्पॅनिश माणसाचा हेवा वाटतो. आपले आधीचे विशेषण दोन कामे करते आणि कोणते काम चालले आहे ते सांगत नाही. ते कधी सगळ्यांचे वर्णन करते, कधी त्यांतल्या काहींना निवडून वेगळे काढते. समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या फलकावर अशी सूचना लागली: ‘इंग्रजीत कच्च्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी जादा तास घेण्यात येतील.’ याचा अर्थ काय? ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी जे कच्चे आहेत त्यांच्यासाठी? की ग्रामीण विद्यार्थी तेवढे सगळे कच्चेच, म्हणून त्यांच्यासाठी? सूचना काढणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असेल. पण चोपडा, शिरपूर, साक्रीहून पहाटेची गाडी धरून येणारा मुलगा ती वाचतो तेव्हा त्याच्या मनात दुसरा उमटतो, आणि शहरातला मुलगा वाचतो तेव्हाही दुसराच उमटतो. स्पॅनिशमध्ये साधारणपणे निवड करणारे विशेषण नामानंतर येते आणि सर्वांचा ठाऊक असलेला गुण सांगणारे आधी. ‘ला ब्लांका निएवे’, पांढरे बर्फ; बर्फ पांढरेच असते, म्हणून ‘पांढरे’ आधी. तिथे लिहिणाऱ्याला जागा निवडताना थोडे तरी थांबावे लागते. आपल्याला थांबावे लागत नाही, म्हणून आपण थांबत नाही. पण मराठीत सोय नाही असे मुळीच नाही. ‘ग्रामीण असोत की शहरी, इंग्रजीत जे विद्यार्थी कच्चे असतील त्यांनी नावे द्यावीत.’ ‘जे-ते’ ही आपली जुनी, देशी जोडी आहे. दोन शब्द जास्त लागतात आणि फलकावर तेवढी जागा असते.

काही प्राध्यापक म्हणतील की हा तर्कशास्त्राचा विषय झाला, भाषेचा नव्हे. मला तसे वाटत नाही. धुळ्यात राहून १९२६ साली तिथेच देह ठेवणाऱ्या राजवाड्यांनी आयुष्यभर जुने कागद गोळा केले आणि शब्दाशब्दावर वाद घातला. तसल्या कागदांत ‘मौजे मजकूर’, ‘परगणे मजकूर’, ‘साल मजकूर’ असे प्रयोग पदोपदी भेटतात. मजकूर म्हणजे वर उल्लेखिलेला. हेही नामामागून येणारे फारसी विशेषण. कारकुनाने ते तिथे ठेवले ते शोभेसाठी नव्हे. कोणते गाव, कोणते साल, याची तंटा उभा राहिल्यावर खूण पटावी म्हणून. जमिनीचा तंटा एका विशेषणावर फिरू शकतो हे जुन्या कारकुनाला ठाऊक होते.

विशेषण नामाला कायमचे चिकटले की त्याचे काय होते, हे पाहायला परत पाळधीचाच दाखला पुरे. मराठीत विशेषणाला विभक्तिप्रत्यय लागत नाही. ‘काळ्या घोड्याला’; ‘ला’ लागतो तो घोड्याला, काळ्याला नाही. पण ‘पाळधी बुद्रुकला जायचे आहे’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो. ‘ला’ बुद्रुकला लागला, म्हणजे बुद्रुक आता विशेषण राहिलेच नाही, ते नावात मुरले. लहान-मोठ्याचा अर्थ विरून गेला. उद्या खुर्दची वस्ती बुद्रुकहून दुप्पट झाली तरी नाव बदलणार नाही.

आपल्या भागाच्या नावातही हा प्रकार झाला आहे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. विशेषणे दोन, पण नाम ‘खानदेश’ शाबूत होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जिल्ह्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. १९९० साली जळगावला विद्यापीठ आले ते ‘उत्तर महाराष्ट्र’ या नावाने. विद्यापीठ आले याचा आनंद मोठाच. पण व्याकरणाच्या विद्यार्थ्याला एवढे दिसते की पूर्वी आपण नाम होतो आणि दिशा आपले विशेषण होती. आता नाम दुसरे झाले आणि आपण त्याची एक दिशा झालो. नाशिककरांनाही हा शब्द तेवढाच लागू असल्याने त्यात ‘खानदेश’ असे नेमके काही उरत नाही.

तेव्हा मराठी विभागाला एक सुचवावेसे वाटते. व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत ‘विशेषणाचे प्रकार लिहा’ हा प्रश्न किती वर्षे येतो आहे कोण जाणे. त्याऐवजी एखाद्या वर्षी त्या आठवड्याचे कुठलेही वर्तमानपत्र मुलांपुढे ठेवावे आणि सांगावे: यातली दहा अधिविशेषणे शोधा, त्यांची विधाने करा, आणि त्यांतली किती पुराव्याने टिकतात ते लिहा. ‘मागास’, ‘दुर्गम’, ‘विकसनशील’, ‘लाडके’, ‘लोकप्रिय’ यांपासून सुरुवात केली तरी चालेल. वीस गुण ठेवावेत. मुले पर्यायातही तो प्रश्न सोडणार नाहीत.